ऊसतोड तळावरचे छायाचित्र आणि संस्थेचा फलक : संमती नेमकी कशाला होती?

पायवाट (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेली दहा-अकरा वर्षे मी सुट्ट्यांमध्ये भटकंती करून छायाचित्रे काढतो. स्पिती, कच्छचे रण, वारीतला दिवे घाट ही माझी नेहमीची ठिकाणे. समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे पाहून हसला की मी त्यालाच होकार समजत आलो आणि ते कधी खटकले नाही, कारण ती चित्रे माझ्या संगणकातून फार तर एखाद्या मित्राच्या दिवाणखान्यापर्यंत जात.

यंदा जानेवारीत प्रथमच एका सेवाभावी संस्थेसाठी काम केले. ही संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते आणि तिला सांगली जिल्ह्यातील एका कारखान्याजवळच्या तळाची छायाचित्रे हवी होती. बीड जिल्ह्यातून आलेली साठ-सत्तर कुटुंबे तिथे कोप्या बांधून राहत होती. मुकादमाने ओळख करून दिली आणि दोन दिवस मी तिथे वावरलो. पहाटे चारच्या सुमारास फडाकडे निघणाऱ्या टायरगाड्या, ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात मोळ्या बांधणारे हात, पाचटाच्या धगीवर भाजलेली भाकरी असे बरेच काही मिळाले.

त्यांपैकी एक चित्र संस्थेने निवडले आहे. सात-आठ वर्षांची एक मुलगी कोपीच्या दाराशी धाकट्या भावाला काखेत घेऊन उभी आहे. चेहरा गंभीर आहे, कारण त्या क्षणी भावाने तिची वेणी ओढली होती. पुढच्याच चौकटीत ती खळखळून हसते आहे. संस्थेला हसरी चौकट नको. गंभीर चौकट पुण्यातल्या एका मोठ्या फलकावर, संकेतस्थळावर आणि फेसबुकवर येणार असून खाली मजकूर आहे : ‘हिने शाळेचे तोंडही पाहिलेले नाही.’ वस्तुस्थिती अशी आहे की ही मुलगी गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे, हंगामाचे पाच महिने तिची शाळा बुडते, आणि तिने मला सातचा पाढा एका दमात म्हणून दाखवला. सात नव्वे त्रेसष्टला अडखळली, एवढेच.

खरी टोचणी वेगळीच आहे. मी परवानगी विचारली तेव्हा तिची आई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, “काढा की, त्यात काय.” मग थोड्या वेळाने तिने विचारले, “गावाकडं दिसंल का हे?” मी सहज म्हणालो, “नाही हो, कुठे दिसायला!” कागदावर मात्र तिचा अंगठा आहे. संस्थेने दिलेल्या इंग्रजी संमतिपत्रावर मुकादमाने तो घेऊन ठेवला होता.

संस्थेचे म्हणणे असे की संमतिपत्र आहे, हेतू चांगला आहे आणि या चित्राने निधी उभा राहिला तर तो याच मुलांच्या कामी येईल. हे मला पूर्णपणे खोडताही येत नाही. अशा प्रसंगी छायाचित्रकाराने काय करावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

काळापांढरा

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच मजकुरात आले आहे. त्या बाईंनी ‘काढा की’ म्हटले ते चित्र काढण्यापुरते होते. ‘गावाकडं दिसंल का’ हा दुसरा प्रश्न होता, आणि त्यावर तुम्ही दिलेले ‘नाही’ ही त्यांच्या होकाराची अट झाली. फेसबुकवर टाकलेले चित्र बीडच्या गावात दिसणार नाही असे आज कोणीही म्हणू शकत नाही. तेव्हा अंगठा असो वा नसो, या वापराला त्यांची संमती नाही असेच धरून चालावे.

मी वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून तीस वर्षे काढली आणि तुमच्यासारखी उत्तरे मीही दिली आहेत. कामाच्या ओघात तोंडातून ‘नाही हो’ निघून जाते, कारण समोरच्या प्रश्नापेक्षा उजेड जाईल याची घाई आपल्याला अधिक असते.

मजकुराच्या बाबतीत एक जुने उदाहरण फार बोलके आहे. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे मुलांसह छायाचित्र काढले. अमेरिकेतील महामंदीचा तो चेहराच होऊन बसला. लँग तेव्हा सरकारी खात्यासाठी काम करीत होत्या, म्हणजे हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात आले आणि त्या तळाकडे सुमारे २०,००० पौंड अन्नधान्य रवाना झाले, पण ते पोहोचेपर्यंत ही बाई मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. त्यांचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होते हे जगाला १९७८ मध्ये कळले, कारण लँग यांनी ते विचारलेच नव्हते. या चित्रातून आपल्याला एक पैही मिळाली नाही, असे त्या बाईंनी तेव्हा सांगितले. आणखी एक गोष्ट अशी की अन्नासाठी या कुटुंबाने गाडीचे टायर विकले होते असे लँग यांनी लिहून ठेवले होते. मुलाने पुढे ते साफ नाकारले. विकायला टायर होतेच कुठे, होते ते गाडीला लावलेले होते आणि त्यांवरूनच आम्ही तिथून निघालो, असे त्याचे म्हणणे होते.

चित्र खरे आणि ओळ चुकीची, असे झाले की चाळीस वर्षांनीसुद्धा कुणीतरी उठून ‘हे असे नव्हते’ म्हणतो. तुमची मुलगी तर आजच सातचा पाढा म्हणते आहे.

चौकट निवडण्याबद्दलही एक सांगतो. गंभीर चौकट निवडणे हा आपोआप खोटेपणा ठरत नाही. संपादन म्हणजे निवडच असते. परंतु ते गांभीर्य वेणी ओढल्यामुळे आलेले आहे हे तुम्हाला ठाऊक असताना ते शाळा नसल्याचे दुःख म्हणून खपवणे वेगळे. मद्रास इलाख्यातील १८७६ ते ७८ च्या दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून छायाचित्रे काढली होती. ती माणसे खरोखरच उपाशी होती, तरीही त्या चित्रांत माणसांपेक्षा मांडणीच आधी दिसते आणि ती पाहताना आजही अंगावर काटा येतो.

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ च्या ऑक्टोबरात, मी तिथे आठ दिवस होतो. एका आजोबांनी ढिगाऱ्यातून निघालेले लग्नाचे छायाचित्र धोतराच्या सोग्याने पुसून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “त्या पडक्या भिंतीचं काय काढता, याची एक कॉपी काढून द्या.” काच फुटलेली होती आणि पाणी शिरून नवरीचा अर्धा चेहरा गेला होता. मी दगडावर ठेवून ती प्रत काढली आणि महिन्याभराने पोस्टाने पाठवली. त्या आठवड्यात माझी जी चित्रे छापून आली त्यांतले एकही मला आज नीट आठवत नाही.

मीरा_निधी

मी बारा वर्षे एका संस्थेत निधिसंकलनाचे काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. रडवेल्या चेहऱ्याच्या पत्राला पहिल्या फेरीत अधिक प्रतिसाद येतो असा माझाही अनुभव आहे, आणि मार्चअखेर जवळ आली की कार्यालयात सगळ्यांवर किती ताण असतो हे बाहेरच्यांना कळत नाही. ‘हसरी नको’ असे सांगणारी व्यक्ती दुष्ट असेलच असे नाही. बहुधा तिच्यापुढे शिक्षकांच्या थकलेल्या पगाराची यादी असते.

मात्र चित्र एकदा संस्थेच्या सामायिक फोल्डरमध्ये गेले की ते कसे फिरते, हे छायाचित्रकारांना सहसा ठाऊक नसते. ते प्रथम वार्षिक अहवालात येते. मग एखादी देणगीदार कंपनी आपल्या दिनदर्शिकेसाठी मागते. दोन वर्षांनी ज्यांनी ते काम पाहिले ती माणसे नोकरी सोडून गेलेली असतात आणि नवीन आलेला मुलगा तेच चित्र कुपोषणाच्या आवाहनात वापरतो, कारण फाइलच्या नावात फक्त ‘मुलगी_०४’ असते. आमच्याकडे एका बाईंचे चित्र असेच बचत गटातून उचलून व्यसनमुक्तीच्या पत्रकात गेले होते. त्यांच्या घरात कोणी दारूला स्पर्शही करीत नव्हते. पत्रक त्यांच्या व्याह्यांनी पाहिले. पुढे काय झाले ते मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. संमती मराठीत, आणि गरज असेल तिथे त्या त्या बोलीत, वाचून दाखवायची आणि होकार फोनवर ध्वनिमुद्रित करायचा. एकच प्रश्न न विचारता वापरानुसार निरनिराळे विचारायचे : आमच्या कार्यालयात लावले तर चालेल का, पुस्तकात छापले तर, मोबाइलवर कोणालाही दिसले तर, रस्त्यावर मोठे लावले तर? पहिल्या दोनांना हो आणि पुढच्या दोनांना नाही म्हणणारी माणसे पुष्कळ भेटली. तुमच्या बाईंनी तर हा भेद स्वतःहून केला. शिवाय नंतर नको वाटले तर फोन करायला एक क्रमांक कागदावर लिहून द्यायचा आणि फाइलच्या आतच ‘केवळ अहवालासाठी’ अशी नोंद टाकायची. युरोपातील स्वयंसेवी संस्थांच्या महासंघाने २००६ मध्ये चित्रे आणि संदेशांबाबत आचारसंहिता स्वीकारली. चित्रातील माणसांचा सन्मान राखावा, साचेबद्ध आणि सनसनाटी प्रतिमा टाळाव्यात आणि दाखवल्या जाणाऱ्यांच्या संमतीनेच वापर व्हावा, असा तिचा आशय आहे. तुमच्या संस्थेला परदेशी निधी येत असेल तर अशा संहितेचा उल्लेख अधिक लवकर ऐकला जाईल, हे कटू असले तरी खरे आहे.

संस्थेशी बोलताना नुसते ‘हे चित्र देणार नाही’ असे म्हणू नका, दुसरा पर्याय घेऊन जा. पाठमोरे चित्र, हातांचे चित्र, किंवा तीच हसरी चौकट आणि खाली ‘हंगामात हिचे दुसरीचे पाच महिने बुडतात’ अशी ओळ. बुडालेले पाच महिने ही खरी गोष्ट आहे आणि माझ्या मते ती अधिक परिणामकारकही आहे, कारण वाचणाऱ्याला लगेच आपल्या घरातले दुसरीतले मूल आठवते.

फडावरचा

मी सहसा इथे लिहीत नाही, नुसता वाचत असतो. माझे आई-वडील ऊसतोड कामगार होते. सहावीपर्यंत मीही दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर टायरगाडीत बसून जात असे.

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट आलेली नाही. मुकादमाने घेतलेला अंगठा ही संमती होऊच शकत नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हंगामापूर्वी मुकादम जोडीला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि घेतलेली उचल टनामागच्या दरातून फिटेपर्यंत ती जोडी त्याच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही. आजारी पडले तरी खाड्याचे पैसे कापले जातात. अशा माणसाने कागद पुढे केला की तो कसला आहे हे कोणी विचारीत नाही, अंगठा उमटवून मोकळे होतात. त्या बाईंनी ‘त्यात काय’ म्हटले ते तुम्हाला उद्देशून असेलच असे नाही. मागे मुकादम उभा होता का, ते आठवून पाहा.

आता माझे सांगतो. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तळावर काही पाहुणे आले होते आणि त्यांनी माझे बैलांना वाढे घालतानाचे चित्र काढले. मी बारावीत असताना तालुक्याच्या एका दुकानात जुनी दिनदर्शिका दिसली आणि तिच्या जून महिन्यावर मी होतो. सोबत आईही होती, मागे, मोळी डोक्यावर घेतलेली. खाली बालमजुरीविषयी काहीतरी लिहिले होते. दुकानदाराकडून ते पान मागून घरी आणले. आईने ते जवळ धरले, बराच वेळ पाहिले आणि पहिले वाक्य म्हणाली, “पोलका फाटका हाय की रं. सांगितलं असतं तर पेटीतलं लुगडं नेसले असते.”

ऊस तोडताना कोणी पेटीतले लुगडे नेसत नाही, हे तिलाही ठाऊक होते. परंतु कोणीतरी आपल्याला पाहणार आहे हे आधी कळले असते तर आपण कसे दिसावे यात तिचाही थोडा शब्द राहिला असता, एवढेच तिचे म्हणणे होते. मला त्या चित्राचा राग आहे, आणि तरीही ते पान मी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवले आहे, कारण माझ्या लहानपणाचे दुसरे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. आई गेल्यावर तिचा फोटो भिंतीवर लावायचा झाला तेव्हा रेशन कार्डावरचा पुसट चेहरा आणि हे पान, एवढेच हाताशी होते.

म्हणून छायाचित्रे काढू नका असे मी म्हणणार नाही. फडावर काय चालते ते लोकांना दिसलेच पाहिजे. २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न वर्तमानपत्रांत आला तेव्हा कुठे विधिमंडळात त्याची चर्चा झाली. परंतु तुम्ही परत गेला आहात का? हंगाम मार्चपर्यंत चालेल. मुकादमाला न सांगता, संध्याकाळी मंडळी फडावरून आल्यावर जा, त्या बाईंच्या हातात चित्राची प्रत ठेवा, आणि हे पुण्यात रस्त्यावर एवढे मोठे लावणार आहेत असे हात पसरून दाखवा. मग विचारा.

कलम_काका

कायद्यापुरते थोडक्यात लिहितो. हा रीतसर सल्ला नव्हे, पण बोलणी करताना उपयोग होईल.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकार असतो. मात्र कलम १७ चा अपवाद असा की दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिली मालकी ते काढवून घेणाऱ्याची. तेव्हा तुम्ही मानधन घेतले का आणि काही लिहून दिले का, हे आधी पाहा. मोबदला घेतला नसेल तर संस्थेला हक्क लेखी हस्तांतरानेच मिळू शकतात, आणि त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ नुसार ती पाच वर्षांची धरली जाते. मालकी संस्थेची असली तरीही कलम ५७ खाली तुमचा एक हक्क शिल्लक राहतो : आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा रीतीने कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेता येते. चुकीचा मजकूर जोडणे यात कितपत बसेल यावर वाद होऊ शकेल, पण पत्रात त्या कलमाचा उल्लेख जरूर करावा.

हे सर्व तुमच्या हक्कांविषयी झाले. मुलगी अल्पवयीन आहे, त्यामुळे तिच्या वतीने संमती पालकच देऊ शकतात. न वाचता येणाऱ्या भाषेतील कागदावर, वाचून न दाखवता, तिसऱ्याने घेतलेला अंगठा न्यायालयात किती टिकेल, हे संस्थेच्या वकिलांना विचारायला सांगा. पुष्कळदा एवढ्या एका प्रश्नानेच फलक थांबतो.

काळापांढरा

‘फडावरचा’ यांचा प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या लिखाणात एक भर घालतो. संमती नंतर परत घेता येते का, असा प्रश्न मुळात कोणी विचारलेला नसला तरी तो इथे आहेच.

जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे हजारो लोकांना विषबाधा झाली. युजीन स्मिथ यांनी १९७१ मध्ये तिथल्या एका आईचे, जन्मापूर्वीच या विषाने अपंग झालेल्या तोमोको या मुलीला न्हाणीत मांडीवर घेतलेले छायाचित्र काढले. आईवडिलांची तेव्हा पूर्ण संमती होती. जगाला कळावे अशी त्यांचीच इच्छा होती, आणि त्या चित्राने मिनामाता जगाला माहीत झाले. तोमोको १९७७ मध्ये वारली. चित्र मात्र पुस्तकांत, प्रदर्शनांत, पत्रकांत फिरत राहिले. आता तिला विसावा मिळावा असे आईवडिलांना वाटू लागले, तेव्हा स्मिथ यांच्या पूर्वपत्नी आणि त्या कामातल्या सहकारी आयलीन स्मिथ यांनी १९९८ मध्ये या चित्राविषयीचा निर्णय कुटुंबाच्या हाती सोपवला आणि नव्या वापराला परवानगी देणे थांबवले. या निर्णयावर छायाचित्रकारांत वाद झाले. इतके महत्त्वाचे चित्र असे झाकून ठेवता येते का, असा आक्षेप होता. मीही तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांत होतो. आता नाही.

पायवाट (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ‘फडावरचा’ यांच्या सांगण्यानुसार गेल्या रविवारी तळावर जाऊन आलो. होय, त्या वेळी मुकादम मागेच उभा होता. माझ्या दुसऱ्या एका चौकटीच्या कडेला त्याचा खांदा आला आहे, तो मी आजवर नीट पाहिलाही नव्हता.

आठ प्रती कागदावर काढून नेल्या होत्या. बाईंनी त्या परातीजवळ मांडून एकेक पाहिली. फलकाचा आकार हाताने दाखवल्यावर त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले आणि मग स्पष्ट ‘नाही’ म्हणाल्या. मुलगी मोठी होईल, स्थळे येतील, असे कारण त्यांनी दिले. हे माझ्या मनातही आले नव्हते. मात्र मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतानाचे त्यांचे स्वतःचे चित्र, ज्यात चेहरा अर्धा झाकलेला आहे, ते ‘लावा कुठंबी’ असे म्हणाल्या. माझ्या फोनवर त्यांचे हे दोन्ही निर्णय त्यांच्याच आवाजात मुद्रित केले आहेत. निघताना त्यांनी पेटी उघडली, इरकली काढली आणि मुलांना घेऊन बसलेले एक चित्र काढून घेतले. मुलीने केस पाण्याने बसवले होते आणि या वेळी तिने मुद्दामच गंभीर चेहरा केला.

संस्थेला सविस्तर पत्र लिहिले आहे, कलम_काकांच्या मुद्द्यांसह. मुलीचे चित्र तूर्त थांबवले आहे, मजकुराबद्दल अजून उत्तर नाही. मोबदला मी घेतला नव्हता, फक्त प्रवासखर्च घेतला होता.

आता एक व्यावहारिक शंका. कोपीत सतत धूर असतो आणि हंगाम संपल्यावर सामान गाडीत लादून गावी जायचे असते. नवीन चित्राची प्रत टिकावी म्हणून लॅमिनेशन करून द्यावे का?

काळापांढरा

गरम लॅमिनेशन करू नका. कडेने दमट हवा शिरली की दोन पावसाळ्यांत डाग पडतात आणि मग कागद सुटा करता येत नाही. घरच्या प्रिंटरवर न काढता स्टुडिओच्या लॅबमधून रासायनिक कागदावर प्रत काढा, ती ओलसरपणा बरा सोसते. जाड पुठ्ठ्यासह प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या आणि दोन प्रती द्या : एक इथे पेटीत ठेवायला आणि एक गावच्या घरी, शक्यतो पोस्टाने, मुलीच्या नावावर.